पत्र्याची पेटी आणि दीड टक्का

आदरणीय बाई,

आम्ही उत्तर व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहतो. मुलगी सातवीत आहे. पुढच्या वर्षी तिला थॉमस जेफरसन हायस्कूलला, म्हणजे निवडून प्रवेश देणाऱ्या इथल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी शाळेला, सगळे म्हणतात त्या ‘टीजे’ला, अर्ज करायचा आहे. गणित तिला मनापासून आवडतं. दोन वर्षं दर शनिवारी क्लासला घालतोय. त्यापायी तिची मराठी शाळा बंद केली, यंदा बँडमधलं क्लॅरिनेटही सोडवलं.

पूर्वी टीजेला प्रवेश परीक्षा होती. ती बंद झाली. आता प्रत्येक मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा ठेवलेल्या असतात. आमच्या शाळेत हुशार मुलांची रांग लागली आहे, तिथे दीड टक्क्यात बसणं महाकठीण. म्हणून नवऱ्याचं म्हणणं असं, की वीस मिनिटांवर दुसऱ्या एका शाळेच्या हद्दीत छोटं अपार्टमेंट भाड्याने घेऊ. त्या शाळेतून टीजेला फारसं कुणी जात नाही. पत्ता तिथला दाखवू, आठवीला तिला तिथे घालू, राहू मात्र इथेच.

शिवाय आमच्या ग्रुपमध्ये ‘परीक्षा परत आणा’ असं निवेदन फिरतंय. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीच राहिली आहे. सासरे पुण्याहून फोनवर म्हणाले, “म्हणजे तिथेही आरक्षण पोचलं म्हणायचं.”

मी स्वतः नवोदयची, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी निवासी शाळेची. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. गुरुजींनी तीन महिने रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसवून आमचा सराव घेतला होता. परीक्षा देऊनच इथवर आले, म्हणून परीक्षा हाच खरा न्याय असं वाटत आलंय. तरी सहीला हात का धजत नाही, कळत नाही. परवा मुलगी म्हणाली, “आई, मला नाही मिळालं तर तू सगळ्यांना काय सांगशील?” मला काही बोलता आलं नाही. काय करू?

— एक आई

*

ताई,

आधी त्या अपार्टमेंटचं बोलते, कारण भाडेकरारावर सही झाली की माझं बाकीचं बोलणं वाया जाईल. ते करू नका. मुलाच्या राहत्या पत्त्याबद्दल शाळेला जाणूनबुजून खोटं सांगणं हा व्हर्जिनियात गुन्हा आहे. पण तो गुन्हा नसता, तरी मी हेच सांगितलं असतं. का, ते तुम्हाला माझ्याइतकंच कळेल, कारण तुम्ही नवोदयच्या आहात.

अमेरिकेत येण्याआधी नऊ वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. एका जूनमध्ये तिसरीच्या पटावर एक नवं नाव आलं. मुलगा तालुक्याच्या गावी राहायचा, वडिलांचं बाजारपेठेत दुकान होतं, खरी शाळा तिथलीच. आमच्याकडे तो फक्त हजेरीपटावर. नवोदयच्या ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते, तेवढ्यासाठी ही तजवीज. त्याच्या नावापुढे हजेरीचा ‘पी’ मांडायला मला वरून सांगितलं गेलं. मी नवखी होते, नोकरी कायम व्हायची होती, मांडत राहिले. पाचवीला त्याची निवड झाली. वडिलांनी पेढे वाटले आणि पत्र्याची नवी कोरी पेटी घेतली, निळ्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव. माझ्याच वर्गात एक मुलगी होती. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ती आजीजवळ राहायची. भागाकार ती बोटं न मोडता, खिडकीबाहेर बघत करायची. ती यादीत नव्हती. त्या मुलाने तिचीच जागा घेतली असं मला म्हणता येणार नाही, जागा सगळ्या जिल्ह्याच्या असतात. पण त्या जिल्ह्यात, कुठल्यातरी खेड्यात, ती पेटी कुणाची तरी होती. ते ‘पी’ माझ्या अक्षरातले आहेत. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

तुमच्या यजमानांचा बेत आणि त्या दुकानदाराचा बेत यांत मला फरक दिसत नाही. त्यांना वाईट म्हणत नाहीये मी. परदेशात आलेल्या बापाला एकच शिडी माहीत असते आणि ती लेकीच्या पायाखालून निसटतेय असं वाटलं की तो काहीही करायला निघतो. त्यांना जवळ बसवून हा हजेरीपट सांगा. खरोखर बिऱ्हाड हलवून त्या वस्तीत राहायला जाणार असाल, तर तो तुमचा हक्क आहे. पण तेव्हाही आठवीत मैत्रिणी तोडून तिला नेणं कशासाठी, हे तिच्यासमोर बोला आणि तिला हो-नाही म्हणू द्या.

आता तुम्ही लिहिलंय, परीक्षा देऊन इथवर आले. खरं आहे, आणि त्या कष्टांचं श्रेय तुमचं आणि गुरुजींचं. पण ती परीक्षा कुंपणाच्या आत झाली होती, ताई. नवोदयचे पहिले दोन प्रयोग १९८५ साली सुरू झाले, एक हरियाणातल्या झज्जरला आणि एक आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती कल्पना देशभर नेली. जिल्ह्याला एक शाळा, सहावीच्या वर्गात साधारण ८० मुलं, त्यांतल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींचा वाटा. आता कल्पना करा, तेव्हा कुणी म्हटलं असतं की हे सगळं कशाला, राज्यभर एकच गुणवत्ता यादी लावा, वरची मुलं घ्या. पुण्या-मुंबईच्या शिकवण्यांतून तयार झालेल्या मुलांसमोर तुमच्या ओट्यावरचे तीन महिने किती पुरले असते? तुम्ही हुशार होताच. पण ती हुशारी कुणाच्या नजरेला पडावी म्हणून कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं, की सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या मुलीची तुलना सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मुलांशी करायची.

टीजेचा दीड टक्का हा तोच विचार आहे. सहीला हात धजत नाही त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

सासऱ्यांनाही नीट सांगा, कारण पुण्यात हा विषय निघाला की सगळं एकाच शब्दात गुंडाळलं जातं. टीजेच्या नव्या पद्धतीत वंशावर एकही जागा नाही. अर्ज तपासणाऱ्यांसमोर मुलाचं नाव, वंश, मुलगा की मुलगी, काहीच येत नाही, नुसता क्रमांक येतो. साडेतीनचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो, आठवीत बीजगणित किंवा त्यापुढचं गणित लागतं, वरच्या पातळीचे विषय घेतलेले लागतात, एक प्रश्न सोडवून त्यावर लिहायचं असतं आणि स्वतःबद्दल लिहायचं असतं. घरची गरिबी, इंग्रजी शिकत असणं, अपंगत्व, हेही जमेस धरतात. दीड टक्क्यांच्या वाटपानंतर उरलेल्या शंभरेक जागा सगळ्यांना खुल्या असतात.

आणि ते ऐकणार असतील तर आपल्याच मातीतलं एक सांगा. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी हेच तर म्हटलं होतं, की सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. टीजे ही सार्वजनिक शाळा आहे. फेअरफॅक्समध्ये घराचा कर भरणारा आणि घरभाड्यातून तोच कर सोसणारा, दोघांच्या पैशावर ती चालते. काही मिडल स्कूलांतून वर्षानुवर्षं तिथे जवळपास कुणीच जात नसेल, तर त्या वस्तीतल्या आईने आपला पैसा कुठे जातो हे विचारू नये का?

टीजेसारख्या मॅग्नेट शाळा मुळात कशासाठी निघाल्या हेही आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. आपण इथे नव्वदनंतर आलो, तोवर त्यांची हुशार मुलांच्या शाळा अशी ख्याती झालेली होती. सुरुवात वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. तुमच्या व्हर्जिनियाने त्याला जो विरोध केला तो वाचून अंगावर काटा येतो. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर मुलांना एकत्र बसवावं लागू नये म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली आणि काळ्या मुलांची पाच वर्षं गेली. नववीतलं पोर चौदा वर्षांचं असतं, शाळा उघडली तेव्हा ते एकोणीस वर्षांचं झालेलं होतं. जबरदस्तीने बसमधून मुलं इकडून तिकडे नेण्याला अनेक पालकांचा कडवा विरोध होता. तेव्हा काहींनी दुसरी वाट शोधली: काळ्या वस्तीतली शाळाच इतकी चांगली करा की गोरे पालक आपणहून मूल तिथे पाठवतील. १९६८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात मॅकार्व्हर नावाची प्राथमिक शाळा अशी बदलली. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये ट्रॉटर शाळा निघाली. लोहचुंबकासारखी ओढ लावणारी म्हणून ‘मॅग्नेट’. आजही देशातल्या बहुतेक मॅग्नेट शाळा परीक्षेवर चालत नाहीत, चिठ्ठ्या टाकून प्रवेश देतात.

पण ज्या थोड्या निवडक झाल्या त्यांचंच नाव झालं. टीजे १९८५ साली विज्ञान-तंत्रज्ञानाची शाळा झाली. २०२० साली तिथे निवड झालेल्यांत ७३ टक्के आशियाई वंशाची मुलं होती. काळ्या मुलांची संख्या दहाच्याही आत, इतकी की आकडा छापलाच नाही. सर्वांत बोलका आकडा मला वेगळाच वाटतो. त्या ४८६ मुलांत गरीब घरांतली एक टक्कासुद्धा नव्हती. लाखो लोकवस्तीच्या काउंटीत शेकड्याला एकही गरीब मूल गणितात हुशार निघू नये? आपण गावाकडून आलेली माणसं आहोत, आपला तरी यावर विश्वास बसू नये.

डिसेंबर २०२० मध्ये शाळा मंडळाने नवी पद्धत आणली. परीक्षा गेली, १०० डॉलरची अर्ज फी गेली, वर्ग ५५० चा झाला. पुढच्या वर्षी गरीब घरांतली मुलं २५ टक्क्यांवर गेली. आशियाई मुलं ५४ टक्क्यांवर आली. अर्ज करणाऱ्यांत ती निम्म्याहून थोडी कमी होती आणि निवड झालेल्यांत निम्म्याहून जास्त, हे तुमच्या ग्रुपमध्ये कुणी सांगितलं नसेल. आणि हा आकडा तर नक्कीच नाही: गरीब आशियाई घरांतली मुलं २०२० साली टीजेला निवडली गेली एक. दुसऱ्या वर्षी ५१. पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणारा, उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात राबणारा, तोही आशियाईच ना? निवेदनात ‘आपल्या मुलांवर अन्याय’ असं लिहिताना तो त्या ‘आपल्या’त असतो का, एवढं विचारा.

आता दुसरी बाजू. ती मी झाकून ठेवणार नाही, कारण तुमच्या मैत्रिणी उगाच चिडलेल्या नाहीत. हा सगळा बदल २०२० च्या उन्हाळ्यापासून डिसेंबरपर्यंत, घाईत झाला. या प्रक्रियेत आशियाईविरोधी भावना जाणवते, असं मंडळाच्याच सदस्यांनी एकमेकींना पाठवलेल्या मेसेजमध्ये म्हटलं होतं, ते कोर्टात पुढे आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अलेक्झांड्रियाच्या फेडरल कोर्टाने पालकांच्या बाजूने निकाल दिला, मे २०२३ मध्ये अपिलात तो दोन विरुद्ध एक असा फिरला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्यातही एका न्यायमूर्तींनी विरोधी मत लिहिलं आणि दुसऱ्या एकांनी त्याला साथ दिली. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने पुन्हा चौकशी लावली. आपल्या मुलांना मोजून बाहेर ठेवताहेत असं पालकांना वाटलं, ते कसं वाटलं हे मला समजतं. न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हेसंटसारख्या निवडक सरकारी हायस्कूलांचा प्रवेश १९७१ च्या राज्य कायद्याने परीक्षेवरच ठरतो आणि तिथे परीक्षेच्या बाजूने उभे राहणारे अनेक जण चायनाटाउनमधले, क्वीन्समधले हातावर पोट असलेले लोक आहेत. त्यांचं म्हणणं: परीक्षेला आमचं इंग्रजी, आमचे कपडे, आमची ओळखपाळख दिसत नाही. यात तथ्य आहे. निबंधात कुठला अनुभव सांगायचा हे शिकवणारे क्लास निघालेत, तेही मला माहीत आहे. पण त्याच स्टायव्हेसंटमध्ये २०१९ साली ८९५ जागांपैकी काळ्या मुलांना सात मिळाल्या. ८९५ मध्ये सात. हा आकडा समोर असताना परीक्षा सगळ्यांना सारखी असते, हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

आणि तुमच्या मुलीबद्दलही खरं सांगते. ती ज्या शाळेत आहे त्या शाळेमुळे तिची शक्यता कमी झाली आहे. तीच मुलगी, तेच गुण, दुसरी शाळा, तर कदाचित सहज मिळालं असतं. हा तिच्यावर पडणारा भार आहे आणि तो नाकारून तिला समजावता येणार नाही. फक्त दुसऱ्या बाजूच्या मुलावर कुठला भार पडतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तेवढं ऐका.

इकडे आल्यावर मी मेरीलँडमध्ये एका मिडल स्कूलमध्ये बावीस वर्षं गणित शिकवलं. आठवीत एक मुलगा होता, घरचे एल साल्वादोरचे, आई रात्री ऑफिसं झाडायची. वर्गात गप्प. दंगा केला म्हणून एकदा त्याला जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे बसवलं होतं. तो छताकडे बघत होता. आमच्या वर्गाचं छत पांढऱ्या चौकोनी तक्त्यांचं होतं. मी वह्या तपासत होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मिस, एक, चार, नऊ, सोळा. मधे तीन, पाच, सात. हे शेवटपर्यंत असंच जातं का?” मी पेन खाली ठेवलं. विचारलं, तुला काय वाटतं. तो उठला आणि फळ्यावर तीन बाय तीनचा चौकोन काढला. मग उजवीकडून आणि खालून काटकोनात एक पट्टी लावली, गोधडीला दोन बाजूंनी काठ लावावा तशी, आणि म्हणाला, “तीन या बाजूला, तीन त्या बाजूला, आणि कोपऱ्यातला एक राहतो. कोपऱ्यातला नेहमी राहणार.” दोन लागोपाठच्या वर्गसंख्यांमधला फरक नेहमी विषम का, हे त्या पोराने खडूने सिद्ध करून ठेवलं, आणि त्या वर्षी त्याच्या वेळापत्रकात बीजगणित नव्हतं. वरच्या गणिताची चाचणी प्राथमिक शाळेत होते. त्या वर्षात त्याने दोनदा घर आणि शाळा बदलली होती, चाचणी हुकली, फॉर्म कुणी भरला नाही. काउंटीत गणिताचा मॅग्नेट वर्ग होता, बसने पंचवीस मिनिटांवर. असं काही असतं हेच त्याच्या घरी ठाऊक नव्हतं. अर्जाची मुदत टळून चार महिने झाले होते. मी उरलेलं वर्ष सुट्टीत त्याला शिकवलं, त्याने नववीत बीजगणित घेतलं आणि उत्तम केलं. पण ती गाडी आठवीतच सुटते.

म्हणून मला वाटतं, परीक्षा की दीड टक्का यावर सगळे भांडत बसले आहेत आणि खरं दार त्याच्या तीन वर्षं आधी बंद होतं. आठवीत बीजगणित नसेल तर टीजेला अर्जच करता येत नाही. कुणाला बीजगणितात बसवायचं ते पाचवी-सहावीत ठरतं. ते ठरवताना कुठल्या पालकाला नियम ठाऊक असतात, कोण ईमेल पाठवतं, कोण पैसे भरून उन्हाळ्यात पुढचं करून घेतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आपण तेच करतो.

तर निवेदनावर सही करू नका, असं माझं मत आहे. जुनी परीक्षा, जुन्या फीसकट, परत आणा एवढंच मागणारं निवेदन हे आपल्यामागून शिडी ओढून घेणं आहे आणि ती शिडी तुमच्यासाठी कुणीतरी लावलेली होती. पण नुसतं नाही म्हणून घरी बसू नका. शाळा मंडळाच्या सभा खुल्या असतात, नाव नोंदवून बोलता येतं. तुम्ही जा. त्यांना म्हणा, प्रत्येक मिडल स्कूलमध्ये बीजगणित शिकवणारा तयारीचा शिक्षक द्या. वरच्या गणिताची चाचणी प्रत्येक मुलाची शाळेच्या वेळेतच घ्या, पालकाने फॉर्म भरण्यावर सोडू नका. निवड झालेल्या पण पाया कच्चा राहिलेल्या मुलांना नववीच्या आधी उन्हाळ्यात मोफत गणित शिकवा, म्हणजे कुणी आत जाऊन बुडणार नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, एवढी मुलं लायक आहेत तर अशी एकच शाळा का? तिथल्या प्रयोगशाळांसारखं काही बाकीच्या हायस्कूलांत कधी येणार? ही शेवटची मागणी तुमच्या ग्रुपमधल्या चाळीस घरांनी केली आणि तिच्याखाली एल साल्वादोरच्या चार आयांच्याही सह्या असल्या, तर मंडळाला तुमच्याकडे बघावं लागेल.

मैत्रिणींना काय सांगायचं ही तुमची अडचण मला कळते. परदेशात गणपतीला, हळदीकुंकवाला तीच माणसं असतात, वाईटपणा घेववत नाही. लांबलचक कारणं देऊ नका. एवढंच म्हणा: “मी नवोदयला ग्रामीण जागेवर गेले होते, माझ्याने यावर सही होणार नाही. पण बीजगणिताच्या मागणीला मी तुमच्याबरोबर येते, गाडी मी काढते.” दोघीतिघी येतील. मला अनुभव आहे.

आता लेकीचं. सगळ्यांना काय सांगशील, या प्रश्नाने मी रात्री जागी होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला वाटतंय की तिचा निकाल म्हणजे आईला चारचौघांत द्यावा लागणारा जबाब आहे. हे तिच्या डोक्यातून आजच्या आज काढायला हवं आणि ते नुसतं ‘तसं काही नाही गं’ म्हणून निघणार नाही. तिला तुमची पेटी दाखवा. पेटी कधीच मोडीत गेली असेल तर तिची गोष्ट सांगा, ओटा सांगा, आणि त्या संध्याकाळी तुमच्याबरोबर ओट्यावर बसलेल्या, पण निवड न झालेल्या मुलांचंही सांगा. तुम्ही ‘आमचा सराव’ लिहिलंय, म्हणजे ती होतीच. ती ढ होती का? आज काय करतात? तुम्हाला ठाऊक नसेल तर तिच्यासमोर गावाकडे फोन लावून विचारा.

अर्ज जरूर करा. पण क्लास थांबवा. आता जे लिहून द्यायचं असतं त्याला शनिवारची घोकंपट्टी उपयोगाची नाही, तिला एखादा प्रश्न घेऊन आठवडाभर त्याच्याशी झुंजता आलं तर ते उपयोगी पडेल, आणि ते गणित आवडणाऱ्या मुलीला घरच्या टेबलावर जमतं. उत्तर चुकलं तर लगेच सांगू नका. तिच्या वाट्याला घराजवळचं जे हायस्कूल येईल तिथे तिला घेऊन आधीच एक चक्कर मारा, गणिताच्या शिक्षकांना भेटवा. तिथेही कॅल्क्युलसपर्यंतचं सगळं असतं. मार्च-एप्रिलात निकाल येईल तेव्हा ती शाळा तिला शिक्षा वाटता कामा नये.

मराठी शाळेचं तिच्यावर सोपवा. क्लॅरिनेटचं मात्र मी तुम्हाला सांगते. ते भाड्याने आणलं होतं की विकत, तुम्ही लिहिलं नाही. दुकानात परत केलं नसेल तर या शनिवारी, क्लासच्या वेळेला, ते कपाटातून काढा. आठवीच्या बँडची नावं बहुतेक शाळांत वसंतातच घेतात. बँडच्या सरांना सोमवारी ईमेल करा, आणि तिला शेजारी बसवून करा.